ग्रुपवर बोललेलं कुठं जातं?

जुलै २०२१. पंचगंगा रात्रीतून चढत होती आणि आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटे तीन वाजता एकच प्रश्न फिरत होता: राजाराम बंधाऱ्यावर आत्ता किती फूट? कोल्हापुरात नदीकाठच्या माणसाला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पण आम्हाला त्या रात्री हवा होता तो आकडा कुठल्या फलकावर लिहिलेला नसतो. बंधाऱ्यावर किती फूट झाले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागतं? आणि तिथून शेवटच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला त्याला किती तास लागतात? गाड्या कधी हलवायच्या, खालचं धान्य कधी माडीवर न्यायचं, अंथरुणाला खिळलेल्या आजींना अंधारातच बाहेर काढायचं की उजाडायची वाट बघायची, हे सगळं त्यावर ठरणार होतं.

हा आकडा आम्हाला एकदा माहीत झालेला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदी ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा शेजारच्या एका काकांनी याच ग्रुपवर तासातासाला नोंद टाकली होती. पाणी कुठल्या खांबापर्यंत आलं, किती वाजता आलं, बंधाऱ्यावर तेव्हा किती फूट होते. त्या पहाटे आम्ही पाचसहा जण आपापल्या फोनमध्ये ती नोंद शोधत होतो. एकीचा फोन मधल्या काळात बदललेला. एकाने जागा भरली म्हणून ग्रुप रिकामा केलेला. माझ्या फोनमध्ये सगळं होतं, पण ‘पाणी’ शोधलं की नळाला पाणी कधी येणार इथपासून टँकरपर्यंत शेकडो निरोप समोर यायचे, आणि काकांनी लिहिलेलं होतं रोमन अक्षरांत. निम्मं तर त्यांनी बोलूनच पाठवलेलं. आणि काका स्वतः मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते.

शेवटी अंदाजानेच हलवाहलव केली. माणसं सुखरूप राहिली, दोन घरांतलं धान्य गेलं. त्या रात्रीपासून मी या प्रश्नाचा नाद सोडलेला नाही. दिवसरात्र एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांच्या हाती दोन वर्षांनी त्या बोलण्यातलं काहीच का लागत नाही? याचं उत्तर माणसांच्या विसराळूपणात फार थोडं आहे. आपण बोलायला निवडलेल्या जागेच्या बांधणीत ते पुष्कळ आहे.

पट्टी आणि कप्पे

ऑनलाइन बोलायच्या जागांची बांधणी मुळात दोन तऱ्हांची असते. एक ग्रुपची. ग्रुप म्हणजे एक लांबच लांब पट्टी. जो निरोप नंतर आला तो खाली, आधीचा वर सरकला. या पट्टीला फक्त वेळ कळते, विषय कळत नाही. पुराची पातळी, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, हरवलेलं मांजर आणि सोसायटीचा मेंटेनन्स एकाच दोऱ्यात ओवले जातात. चार तास फोन न बघितलेल्या माणसाला तीनशे निरोप दिसतात. तो शेवटचे दहा वाचतो आणि विचारतो, “काय झालं?” मग कुणीतरी पुन्हा सगळं सांगतं.

दुसरी बांधणी फोरमची, म्हणजे चर्चास्थळाची. इथं आधी विषय, मग बोलणं. कुणाला काही विचारायचं असेल तर तो त्या विषयाचं नवं पान उघडतो. मराठी चर्चास्थळांवर त्याला ‘धागा’ म्हणतात. त्या विषयावरचं बोलणं त्याच धाग्यात जमा होत राहतं, मग ते आज असो नाहीतर सहा वर्षांनी. कुणी जुन्या धाग्यावर नवा प्रतिसाद दिला की तो अख्खा धागा यादीत पुन्हा वर येतो. ही एवढीशी सोय फार मोलाची आहे. समजा काकांनी ‘आपल्या गल्लीत पाणी कधी येतं’ असा धागा २०१९ मध्ये काढला असता, तर २०२१ च्या पहिल्या पावसात कुणीतरी तिथं “यंदा काय चिन्हं?” असं विचारलं असतं आणि दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोंदी त्या प्रश्नाबरोबर आपोआप वर आल्या असत्या.

यातून दुसरा फरक निघतो, आणि माझ्या मते तोच खरा. ग्रुपवरचं बोलणं हजर असलेल्यांसाठी असतं. फोरमवरचं बोलणं पुढं येणाऱ्यांसाठीसुद्धा असतं. ग्रुपमध्ये आज जोडल्या गेलेल्या माणसाला कालपर्यंतचं बोलणं आपोआप दिसत नाही. गल्लीत नवा आलेला भाडेकरू कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. फोरमवर तो पहिल्या दिवशी दहा वर्षांचं वाचून काढू शकतो. फोरम सगळ्यांना खुला असेल तर सभासद व्हायचीही गरज नाही. गूगलवर प्रश्न टाकला तरी तो धागा सापडू शकतो. खाजगी ग्रुपमधलं गूगलला दिसतच नाही. व्हॉट्सअॅपवर तर २०१६ पासून निरोप अशा कुलपात जातात की पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोन सोडून मधे कुणालाच, अगदी कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. खाजगीपणासाठी हे उत्तमच. पण त्याचा अर्थ असाही की गल्लीची आठवण अशी एका जागी कुठं नसतेच. साठ फोनमध्ये साठ तुकडे असतात आणि प्रत्येक फोनबरोबर एकेक तुकडा जुना होतो, पडतो, विकला जातो.

आधी काय होतं

फोरम ही कल्पना ग्रुपपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९७८ च्या हिवाळ्यात शिकागोमध्ये मोठं हिमवादळ झालं. घरात अडकून पडलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघा संगणकप्रेमींनी त्या दिवसांत टेलिफोनच्या तारेवरून चालणारा एक सूचनाफलक उभा केला. क्लबच्या भिंतीवर चिठ्ठ्या टोचायचा बुचाचा फलक असतो ना, तसाच, पण संगणकात. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस फोन लावून आत शिरणार, चिठ्ठ्या वाचणार, आपली चिठ्ठी टोचणार आणि फोन ठेवणार. मग दुसरा. एका वेळी एकच माणूस हजर असताना तिथं लोकांचा गोतावळा तयार झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. चिठ्ठी मागं राहत होती म्हणून ते घडलं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून यूजनेट सुरू झालं आणि विषयवार चर्चेची ही रीत जगभर पसरली.

मराठी चर्चास्थळांपैकी मायबोली १९९६ साली सुरू झाली, मिसळपाव २००७ मध्ये. तिथं आपल्या लोकांनी नुसतं बोलणं केलं नाही, बोलण्याचे शब्दही घडवले. मायबोलीवर धाग्याला ‘बाफ’ म्हणत, म्हणजे बातमीफलक. नुसतं वाचणारा, न लिहिणारा माणूस ‘रोमात’ असायचा. एकाच माणसाने दुसऱ्या नावाने उघडलेलं खातं म्हणजे ‘डुआयडी’. जिथं स्वतःचे शब्द रुजतात तिथं वस्ती झाली असं मी समजते.

मग लोक तिथून उठून ग्रुपवर का गेले? कारण सरळ आहे. २०१६ च्या शेवटी मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला, आणि कोट्यवधी लोकांची इंटरनेटशी पहिली ओळख हातातल्या फोनवरच झाली. फोरमला नाव नोंदवा, पासवर्ड ठेवा, मराठी टंकायला शिका, योग्य विभाग शोधा. ग्रुपला यातलं काहीच लागत नाही. कुणीतरी तुमचा नंबर जोडतो आणि तुम्ही आत असता. लिहिता येत नसेल तर बोला. माझ्या सासूबाईंना लिहायचा कंटाळा, पण बोलून पाठवलेले निरोप त्या दिवसाला वीस धाडतात. ज्या जागेने त्यांना बोलतं केलं तिला कमी लेखायचं माझ्या मनातही नाही.

आणि पुराच्या दिवसांत ग्रुपनेच माणसं वाचवली हेही लिहून ठेवलं पाहिजे. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं. कितवा दरवाजा उघडला ही खबर ग्रुपवर मिनिटात पोचते. बोट कुठं आली, दूध कुणाच्या घरी उतरवलंय, इन्सुलिन कुणाकडं शिल्लक आहे, शिरोलीला महामार्ग सुरू आहे की बंद, हे धागे काढून, विभाग शोधून विचारायचं नसतं. ‘आत्ता’चं काम ग्रुपने करावं. घोटाळा होतो तो ‘नेहमी’चं कामही त्याच्यावरच टाकल्यामुळं.

संख्या वाढली की

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये २०१६ पासून २५६ माणसं बसत. २०२२ मध्ये ती मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. गल्लीच्या ग्रुपचा पेठेचा ग्रुप झाला, पेठेचा शहराचा. पण माणसाच्या डोक्याची मर्यादा कंपनी वाढवू शकत नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माणूस साधारण दीडशे जणांशीच खरं ओळखीचं नातं सांभाळू शकतो. या आकड्यावर वाद आहेत. पण चाळीस जणांच्या आणि चारशे जणांच्या ग्रुपचा अनुभव ज्याला आहे त्याला त्यातली गोम कळते. चाळीसांत प्रश्न विचारताना आपण कुणाला विचारतोय ते डोळ्यांपुढं असतं. चारशेंत आपण गर्दीला विचारतो. मग निम्मे लोक ग्रुपचा आवाज बंद करून ठेवतात, आणि त्यांच्यासाठी तो ग्रुप असून नसल्यासारखा होतो.

फोरमला संख्येचा एवढा त्रास होत नाही, कारण गर्दी विषयांत वाटली जाते. ज्याला उसावरच्या हुमणीचं विचारायचंय त्याच्या पुढ्यात शाहू स्टेडियमवरच्या कालच्या मॅचचा कल्ला येत नाही. फुटबॉलच्या धाग्यात मात्र कितीही रंगून भांडा, पेठांनी आपापली बाजू लढवा.

इथं बायकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फारसं कुणी बोलत नाही. ग्रुपमध्ये शिरलं की तुमचा मोबाइल नंबर शेकडो अनोळखी माणसांच्या हाती पडतो. प्रश्न विचारला की विचारणारी कोण, कुणाची सून, हे सगळ्यांना कळतं. म्हणून पाळीच्या तक्रारी, घरातली मारहाण, मुलाचं व्यसन, कर्ज, हे प्रश्न गल्लीच्या ग्रुपवर कधी येत नाहीत. हे प्रश्न घरोघर असतात, ते फक्त तिथं विचारता येत नाहीत. फोरमवर आयडी घेऊन विचारता येतात. माझ्या आयुष्यातल्या एका वाईट वर्षात मी एका चर्चास्थळावर टोपणनावाने एक प्रश्न टाकला होता. रात्री अकराला टाकला, सकाळपर्यंत अकरा उत्तरं होती, आणि त्यातल्या एका बाईने चार परिच्छेद लिहून मला धीर दिला होता. ती कोण, कुठली, मला आजही माहीत नाही. तो धागा अजून आहे, आणि दर दोनतीन वर्षांनी कुणी अनोळखी बाई त्याच्याखाली “माझंही असंच” म्हणून लिहिते. टोपणनावाचे तोटेही आहेत. डुआयडी काढून भांडणं लावणारे असतात, खोटी माहिती ठोकून देणारे असतात. म्हणूनच फोरमला राखणदार लागतो. त्याच्याकडं पुढं येते.

चूक आणि दुरुस्तीची वाट

अफवेच्या बाबतीत या दोन बांधण्यांतला फरक जिवावर बेतणारा ठरतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलता येईल अशी मर्यादा घातली.

पण मर्यादेने वेग कमी होतो, चूक सुधारत नाही. समजा ‘धरण फुटलं’ असा निरोप माझ्याकडून पाच ग्रुपमध्ये गेला. तिथून तो कुठं गेला याचा पत्ता मला नाही. तासाभराने मला कळलं की ते खोटं आहे. मी माझ्या पाच ग्रुपमध्ये दुरुस्ती टाकते, पण पुढच्या पंचवीस ग्रुपांत ती जाईलच असं नाही. खोटी बातमी घाबरून पुढं ढकलली जाते; दुरुस्ती पुढं ढकलायची घाई कुणाला नसते. शिवाय फॉरवर्ड झालेला निरोप मूळ जागेपासून तुटलेला असतो. कुणी, कधी, कुठल्या संदर्भात लिहिलं हे मागं राहतं. २०२१ च्या पुरात २०१९ चे फोटो ‘आत्ताचे’ म्हणून फिरले ते यामुळंच.

फोरमवर चुकीचा दावा आणि त्याचं खंडन एकाच पानावर, एकाखाली एक राहतात. तिथून जो दुवा पाठवेल तो दोन्ही पाठवेल. लिहिणाऱ्याने आधी काय लिहिलंय तेही आयडीवर टिचकी मारून बघता येतं. म्हणजे फोरमवर खोटं बोललं जात नाही असं नव्हे, तिथं ते पकडून ठेवता येतं.

फेसबुक ग्रुपचं थोडक्यात सांगते, कारण तो मधला प्रकार आहे. तिथं प्रत्येक पोस्टखाली वेगळी चर्चा होते, त्यामुळं तो दिसायला फोरमसारखा. पण तुम्हाला काय आधी दिसावं हे सहसा कंपनीचं गणित ठरवतं, आणि ते गणित बदलत राहतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरपणे ते बदललं आणि ज्या पोस्टवर लोक जास्त बोलतात त्या पुढं आणायचं ठरवलं. हेतू चांगला सांगितला होता. पण माणसं सगळ्यात जास्त बोलतात ती भांडणावर. पातळीची कोरडी, उपयोगी नोंद त्या गणितात मागं पडते.

वस्ताद

कोल्हापूरच्या माणसाला राखणदारीचा मुद्दा समजवायला बाहेरचा दाखला लागत नाही. तालमीत नवा पोरगा गेला की पहिल्या दिवशी त्याला कुणी कुस्तीला उभा करत नाही. तो माती उकरतो, मोठ्यांच्या जोर-बैठका बघतो. हळूहळू जोडीचा पोरगा मिळतो. वस्ताद काठावर उभा असतो. सारखा ओरडत नाही, पण त्याचं लक्ष असतं. वेडावाकडा डाव टाकला तर आधी नजर, मग शब्द, मग चार दिवस आखाड्याबाहेर. तालमीतून कायमचा काढणं ही शेवटची पायरी.

चांगली फोरम अशीच चालतात. २०१४ पासून पुष्कळ ठिकाणी वापरात असलेल्या डिस्कोर्स या सॉफ्टवेअरमध्ये तर ही माती उकरायची रीत आतच बांधलेली आहे. नव्या सभासदाला सुरुवातीला थोडेच दुवे, थोडीच चित्रं टाकता येतात. तो जसजसा वाचत जातो, इतरांना उपयोगी पडतो, तसतशा त्याच्या मुभा वाढतात. फार वाचणाऱ्या, वागणुकीने पटलेल्या सभासदांना पुढं धाग्याचं शीर्षक नीट करणं, तो योग्य विभागात हलवणं अशी कामंही करता येतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगभरच्या पाटाच्या पाण्याचा, मासेमारीचा, गायरानांचा अभ्यास करून हेच शोधलं. सामाईक गोष्ट लोक आपापसात नीट सांभाळू शकतात, पण त्याला काही गोष्टी लागतात. आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट हवं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, कुणीतरी लक्ष ठेवणारा हवा, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी हवी. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडं सहकारी पाणीपुरवठा संस्थेत पाळी मोडणाऱ्याचं काय करायचं यावर ज्याने बैठकी केल्यात त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल.

ग्रुपच्या अॅडमिनकडं मात्र पायऱ्याच नसतात. निरोप पुसा, सगळ्यांची तोंडं बंद करून फक्त अॅडमिनने बोलावं असं करा, नाहीतर माणूस काढून टाका. धाग्याला कुलूप, भांडणाचा भाग वेगळ्या पानावर हलवणं, आठ दिवसांची बंदी, यातलं काही नाही. गल्लीच्या ग्रुपमधून माणूस काढणं म्हणजे त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालणं. म्हणून कुणी काढत नाही, आणि मग सगळेच सहन करतात. मी सहा वर्षं अॅडमिन आहे. मला सर्वांत जास्त भीती वाटायची ती कायद्याची: कुणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलीस माझ्या दारी येतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात अॅडमिनचा सामाईक हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर, नुसता अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. हे वाचलं त्या दिवशी मला नीट झोप लागली.

घर कुणाचं

फेसबुकच्या आधी गाजलेलं गूगलचं ऑर्कुट आठवतं? २०१४ च्या ३० सप्टेंबरला ते बंद झालं आणि तिथल्या कितीतरी मराठी गोतावळ्यांचं बोलणं संपलं. याहू ग्रुप्सचा जुना मजकूर २०१९ च्या डिसेंबरात काढायला घेतला गेला आणि पुढच्या डिसेंबरात सेवाच बंद झाली. त्या ग्रुपांमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. दुसऱ्याच्या जागेत फुकट राहायला मिळतं तेव्हा उठा म्हणायचा हक्कही त्याच्याकडंच राहतो.

स्वतःचं फोरम उभारलं तर मजकूर आपल्या ताब्यात राहतो. त्याची प्रत काढून ठेवता येते, दुसरीकडं हलवता येते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डिस्कोर्स आहे, २००० सालापासूनचं पीएचपीबीबी आहे. पैसे लागतात ते जागेच्या भाड्याला आणि नावाला, आणि खरी किंमत असते ती माणसाच्या वेळेची. जाहिरातींचा कचरा रोज काढावा लागतो. चालवणारा थकला, परदेशी गेला, पैसे भरायला विसरला की फोरमही मरतं. स्वतःचं घर म्हणजे कौलं स्वतः शाकारणं आलंच. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पिढ्यामागून पिढ्या कुणीतरी तिथल्या पुस्तकांना क्रमांक टाकत, नोंदवहीत उतरवत आलं म्हणून आज तिथं जाऊन हवं ते पुस्तक मागता येतं.

आणखी एक अडचण आहे, ती न सांगता कुणाला फोरम काढायला सांगणं बरोबर नाही. रिकाम्या फोरमवर कुणी लिहीत नाही. ऑनलाइन जागांबद्दल एक ढोबळ हिशोब सांगितला जातो: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी लिहितात, आणि एकच सतत लिहितो. आकडे जागेप्रमाणं हलतात, चाल तीच राहते. म्हणजे साठ घरांच्या गल्लीने स्वतंत्र फोरम काढलं तर सतत लिहिणारा अर्धा माणूस मिळणार. ते चालायचं नाही. अख्ख्या शहराच्या ऊस उत्पादकांचं, पूरग्रस्त भागांचं, तालमींच्या फुटबॉलचं, चप्पल बनवणाऱ्या कारागिरांचं फोरम मात्र तग धरू शकतं. तेही सुरुवातीला दोनतीन जणांनी नेटाने पन्नासेक चांगले धागे लिहून ठेवले तर.

आमच्या गल्लीने म्हणूनच फोरम काढलं नाही. ग्रुप तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारी एक सामाईक ऑनलाइन वही उघडली. दुवा ग्रुपच्या माहितीत लावून टाकला, म्हणजे नवा माणूस आला की त्याला पहिल्यांदा तोच दिसतो. वहीत पानं थोडीच: पूर, नळ आणि गटार, दवाखाने, वीज, गणपतीचा हिशोब. सगळ्यांनी वहीत लिहावं अशी अपेक्षा ठेवली नाही, कारण ती पुरी होत नाही. दोघींनी काम वाटून घेतलं. ग्रुपवर कामाचं उत्तर आलं की आम्ही ते उचलून, देवनागरीत, तारखेसह त्या त्या पानावर उतरवतो. बोललेला निरोप असेल तर ऐकून लिहितो. तोच प्रश्न पुन्हा आला की उत्तर देत नाही, पानाचा दुवा देतो. सुरुवातीला लोकांना हे तुटक वाटलं. वर्षभराने तेच एकमेकांना दुवे द्यायला लागले.

पुराच्या पानासाठी काकांच्या मुलाकडून त्यांचा जुना फोन मागून आणला. तो दोन दिवस चार्जिंगला लावल्यावर सुरू झाला. बोललेले सगळे निरोप त्यात होते. मागून पावसाचा आवाज, मधेच काकूंची हाक, आणि काका शांतपणे सांगतायत: आता डेअरीच्या खांबाला लागलं, सव्वाचार वाजले. आम्ही दोघींनी बसून एकेक उतरवून काढलं, पाच ऑगस्टच्या दुपारपासून.

जुलै २०२४ मध्ये नदीने पुन्हा ४३ फूट ओलांडले. कोपऱ्यावरच्या घरात तेव्हा नवं बिऱ्हाड आलं होतं, गडहिंग्लजकडचं, लहान बाळ असलेलं. त्यांनी ग्रुपवर विचारलं, आमच्या दारात पाणी येतं का हो? तीन मिनिटांत कुणीतरी पानाचा दुवा टाकला. तासाभराने बघते तर त्या नव्या बाईने पानाच्या तळाशी स्वतःची पहिली नोंद केली होती: तारीख, वेळ, बंधाऱ्यावरची पातळी, आणि पुढं, “डेअरीच्या खांबापासून अजून वीस पावलं लांब.”